कोंडिविट्याचं पडकं चर्च: छप्परही नको, विस्मरणही नको

अंधेरी पूर्वेला, सीप्झ या औद्योगिक क्षेत्राच्या आवारात, एक पडकं चर्च उभं आहे. सेंट जॉन द बाप्टिस्ट हे त्याचं नाव. १५७९ मध्ये पोर्तुगीज जेझुइट पाद्र्यांनी ते बांधलं. १८४० मध्ये साथ आली, भोवतालची वस्ती उठली आणि चर्च ओस पडलं. छप्पर केव्हाच गेलं. दर्शनी भिंत आणि कमानी तेवढ्या तग धरून आहेत. या चर्चचा विषय निघाला की वाद ठरलेल्या वाटेनंच जातो. एक बाजू म्हणते, परकीयांनी लादलेल्या धर्माची ही खूण, पडत असेल तर पडू दे. दुसरी बाजू म्हणते, ही आमची पवित्र वास्तू आहे, आम्हाला द्या, आम्ही छप्पर चढवू आणि पूर्वीसारखी प्रार्थना सुरू करू. या दोघांच्या भांडणात तिसरेच लोक मोबाइल घेऊन आत शिरतात आणि ‘भुताटकीचं चर्च’ म्हणून व्हिडिओ करतात. या सगळ्यात ज्या गावाचं हे चर्च होतं, त्या गावाचं नावही कुणी घेत नाही.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हे चर्च म्हणजे कोंडिविट्याच्या उठून गेलेल्या वस्तीचा आज उभा असलेला सर्वांत मोठा पुरावा आहे. तो पुरावा म्हणूनच सांभाळला पाहिजे. म्हणजे पडझड थांबवायची, पण नवं छप्पर घालायचं नाही. आणि ठरलेल्या दिवशी ते कोणालाही बघता आलं पाहिजे, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

आधी गावाबद्दल. कोंडिविटे पोर्तुगीजांनी वसवलं नाही. त्याच परिसरातल्या टेकडीवर कोंडिविट्याची लेणी आहेत. महाकाली लेणी म्हणून आपण ओळखतो तीच. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत खोदलेली ही एकोणीस बौद्ध लेणी. त्यांतल्या चैत्यगृहात स्तूपाभोवती खडकातच कोरलेली गोल कुटी आहे. अशी रचना बिहारमधल्या बराबरच्या सुदामा गुंफेत सापडते, आपल्याकडे मात्र फार विरळा. भिक्षूंचं पोट भिक्षेवर, म्हणजे लेण्यांच्या आसपास त्यांना धान्य देणारी वस्ती असणारच. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशाहानं वसईच्या तहानं हा मुलूख पोर्तुगीजांना दिला, तेव्हा साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांच्या आणि ठाण्याच्या पट्ट्यात, भाताची खाचरं कसणारे, मासे मारणारे, ताडी काढणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतच होते. पोर्तुगीज अमलात त्यांतले कितीतरी ख्रिस्ती झाले. खाचरं तीच राहिली, विहिरी त्याच राहिल्या आणि घरातली बोलीही मराठीच राहिली. आज ज्यांना आपण ईस्ट इंडियन म्हणतो, ते याच लोकांचे वंशज. लग्नात विहिरीवरून वाजतगाजत उंबराचं पाणी आणणारे, आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेणारे हे लोक. ज्या समाजाचा सण भाताच्या पहिल्या कापणीवर बसवलेला आहे, तो कुठून आला हे वेगळं सांगायला नको.

आता पहिल्या आक्षेपाकडे येतो. तो हलका नाही आणि तो झटकून टाकणारे चर्चप्रेमी या वास्तूचं नुकसानच करतात. साष्टीत आणि वसईत पोर्तुगीजांनी देवळं पाडली. देवळांच्या जमिनींचं उत्पन्न धर्मसंस्थांकडे वळवलं. बोरिवलीच्या मंडपेश्वरला जाऊन बघा. शैव लेण्याचंच त्यांनी चर्च केलं आणि वर टेकडीवर मठ बांधला. त्या मठाचेही आज अवशेषच उरले आहेत. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवण्याचे कायदे झाले. यातलं काहीही नाकारायचं कारण नाही. जो नाकारतो त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? चर्च पडू द्यावं, हा? सक्ती झाली असेल तर ती कोणावर झाली? कोंडिविट्याच्या कुणब्यांवर, कोळ्यांवर, भंडाऱ्यांवर. ज्यांच्यावर ती झाली त्यांचे जन्म, लग्नं, मरणं याच भिंतींच्या आत नोंदली गेली. ही भिंत पडली तर लिस्बनच्या राजाचं काहीच जात नाही. पुसला जातो तो साष्टीतल्या शेतकऱ्याचा माग. अन्यायाचा निषेध म्हणून ज्यांनी तो सोसला त्यांचाच पुरावा नष्ट करायचा, हे कुठलं न्यायशास्त्र?

शिवाय तारखा नीट मांडल्या तर ‘पोर्तुगीजांचं चर्च’ हे वर्णनच अपुरं ठरतं. मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी १७३७ मध्ये घेतली. चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे १७३९ मध्ये वसई पडली. या युद्धात चर्चची मोडतोड झाली, घंटा उतरवल्या गेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, मेणवलीच्या घाटावर त्या घंटा आजही टांगलेल्या आहेत. पण साष्टीतला ख्रिस्ती शेतकरी मराठ्यांनी हाकलून दिला नाही. पेशव्यांना महसूल हवा होता आणि खाचरं कसणारे हात त्याचेच होते. १७६० मध्ये आंकेतील-द्युपेरों हा फ्रेंच प्रवासी साष्टीतून गेला. मराठी अमलात इथले ख्रिस्ती आपले सण उघडपणे करतात असं त्यानं नोंदवून ठेवलं आहे. पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानं साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. आता हिशेब करा. १५७९ ते १८४० ही दोनशे एकसष्ट वर्षं. त्यांतली शेवटची एकशे तीन वर्षं साष्टीवर पोर्तुगीजांची सत्ताच नव्हती. लादणारा निघून गेल्यावरही शंभर वर्षं गावातल्या लोकांनी हे चर्च चालू ठेवलं, आधी मराठ्यांची रयत म्हणून आणि मग इंग्रजांची रयत म्हणून. त्या शंभर वर्षांत त्यांना कोण सक्ती करत होतं? पहिल्या पिढीनं धर्म कसा स्वीकारला यावर जितकं हवं तितकं भांडू या, पण सातव्या-आठव्या पिढीची श्रद्धा तिची स्वतःचीच होती, एवढं तर मान्य करावं लागेल.

आणि मोजमाप एकच ठेवायचं असेल तर ते सगळीकडे लावू या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत इंग्रजांनी बांधली. २००४ मध्ये ती जागतिक वारसा ठरली तेव्हा आपल्याला अभिमानच वाटला. ती उपयोगी आहे म्हणून चालते आणि कोंडिविट्याचं चर्च निरुपयोगी आहे म्हणून वसाहतवादी ठरतं का?

दुसरा आक्षेप समाजाच्या आतून येतो. खरं सांगायचं तर मला तोच अधिक अवघड वाटतो. शेजारच्या मरोळचे ख्रिस्ती, म्हणजे उठून गेलेल्या त्या गावकऱ्यांचे वंशज, म्हणतात: पुरातत्त्ववाल्यांना ही दगडांची रचना दिसते, आम्हाला ही आमच्या पूर्वजांची वेदी दिसते. वर्षातून एकदा इथे मिस्सा, म्हणजे वेदीवरची सामुदायिक प्रार्थना, होते तेव्हा माणसं लोटतात. एका दिवसाची परवानगी घेऊन स्वतःच्याच चर्चमध्ये जायचं, ही कुठली रीत? देवळांचे जीर्णोद्धार होतात, मशिदींची डागडुजी होते, मग आमचं चर्चच कायम पडकं का राहावं?

यातली वेदना खरी आहे. ती समजून घ्यायला थोडा अलीकडचा इतिहासही लागतो. अंधेरी-मरोळ पट्ट्यातली खाचरं गेल्या शतकात औद्योगिक वसाहतींखाली गेली. सीप्झ १९७३ मध्ये सुरू झालं, आधी इलेक्ट्रॉनिक्ससाठी, मग दागिन्यांसाठीही. २००० मध्ये त्याला विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला. शेती गेली आणि गावठाणं इमारतींच्या खोबणीत अडकली. ज्यांनी हे सगळं पाहिलं, त्यांना चर्च परत मागताना नुसतं चर्चच मागायचं नसतं. गेलेल्या जमिनींचं दुःखही त्या मागणीत असतं. म्हणून त्यांच्या मिस्सेचा हक्क कुणीही कमी करू नये, असं मी ठामपणे म्हणतो. वर्षातून एक दिवस फार थोडा आहे.

तरीही छपराची मागणी चूक आहे, असं माझं मत आहे. त्याचं मुख्य कारण त्यांच्याच पूर्वजांनी १८४० मध्ये जे केलं त्यात आहे. साथीनं गाव उठलं तेव्हा लोक चर्च टाकून पळून गेले, अशी समजूत आहे. ती खोटी आहे. ते चर्च सोबत घेऊन गेले. मुख्य वेदी, बाजूच्या वेद्या, खांब, मूर्ती आणि बाप्तिस्म्याचं कुंड हे सगळं त्यांनी मरोळला नेलं. तिथलं नवं चर्च, सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, या जुन्या अवयवांवर उभं राहिलं. बाप्तिस्म्याच्या कुंडाचाच विचार करा. कुठल्याही चर्चमध्ये ते शोभेची वस्तू नसतं. तान्ह्या मुलाला त्यावर धरतात, डोक्यावर पाणी ओततात, नाव उच्चारतात आणि मूल समाजात येतं. कोंडिविट्यात ज्या कुंडावर आजोबांचं नाव ठेवलं, त्याच कुंडावर मरोळला नातवाचं ठेवता यावं म्हणून साथीच्या दिवसांत, माणसं मरत असताना, कुणीतरी ते जड ओझं तिथवर वाहून नेलं. याहून मोठी श्रद्धा कोणती? तेव्हा कोंडिविट्याची उपासना खंडित झालीच नाही. तिची जागा बदलली आणि ती आजही चालू आहे. मागे उरल्या त्या भिंती. ज्यांना तो निर्णय घ्यायचा अधिकार होता, त्यांनी तो घेतला होता. आता जुन्या भिंतींवर नवं छप्पर चढवून तिथे दुसरी वेदी बसवली तर ती १८४० च्या लोकांची वेदी नसेल. ती मरोळलाच आहे.

व्यवहाराचा मुद्दा वेगळाच. इतकी वर्षं पाऊस खाल्लेल्या भिंती नव्या छपराचं वजन जसंच्या तसं पेलणार नाहीत. मग काँक्रीटचे खांब येतात, जुन्या दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरलं जातं, आतून गिलावा होतो, वर रंग. सिमेंट चुन्याच्या भिंतीला श्वास घेऊ देत नाही. आतली ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. आपल्या कित्येक देवळांचं जीर्णोद्धाराच्या नावाखाली हेच झालं. हेमाडपंती भिंतींवर ऑइलपेंट आणि गाभाऱ्यात चकचकीत फरशी कुणी पाहिली नाही? तो आदर्श चर्चनंही गिरवावा, असा आग्रह धरण्यात न्याय कसला? देवळांच्या बाबतीत झालेली चूक चर्चच्या बाबतीतही करायची, ही समानता कुणाच्याच कामाची नाही.

जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनकडे बघू या, कारण ते उदाहरण या वादाला अगदी लागू पडतं. जुनं गोवं हे शहरही साथींनीच पोखरलं. १८३४ मध्ये पोर्तुगालच्या सरकारनं धार्मिक संघ बरखास्त केले आणि १८३५ मध्ये इथला ऑगस्टिनियन मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचं कमानी छत कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा निम्मा भाग पडला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं ते चर्च पुन्हा बांधलं नाही. ढिगारा उपसला, जमिनीवरच्या थडग्यांच्या शिळा मोकळ्या केल्या, उरलेला मनोरा सांभाळला. त्या उपशातून जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष सापडले. १६२४ मध्ये इराणात हालहाल करून मारलेली, तिकडे संतपद लाभलेली ही राणी. तिचे अवशेष या मठात आल्याची जुन्या कागदांत नोंद होती. डीएनए तपासणीनं त्याला दुजोरा मिळाला आणि २०२१ मध्ये भारतानं त्यांतला भाग जॉर्जियाला समारंभपूर्वक दिला. समजा विसाव्या शतकात कुणी भक्तिभावानं त्या ढिगाऱ्यावर नवी फरशी घालून चर्च उभारलं असतं, तर हे घडलं असतं का?

इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यातल्या व्हॅरम पर्सी या गावाचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. मध्ययुगात नांदतं असलेलं हे गाव १५०० च्या सुमारास ओस पडलं. सेंट मार्टिनचं चर्च तेवढं उभं राहिलं आणि आसपासच्या वाड्यांसाठी कसंबसं चालत राहिलं. १९४९ नंतर तेही बंद झालं, १९५९ मध्ये मनोरा ढासळला. गाव चौदाव्या शतकातल्या मोठ्या प्लेगनं संपलं, असंच लोक धरून चालत. १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं तिथे उत्खनन झालं आणि चित्र बदललं. प्लेगनं गाव खिळखिळं झालं खरं, पण संपवलं ते जमीनदारांनी. लोकरीला भाव होता म्हणून शेतकरी उठवून त्यांनी शेतांत मेंढ्या सोडल्या. चर्चच्या भिंतींत पुढेमागे केलेल्या फेरफारांवरून गावाची भरती-ओहोटी वाचता आली, आणि आवारातल्या सुमारे सातशे सांगाड्यांवरून तिथली माणसं काय खात होती, किती वर्षं जगत होती, हे कळलं. चर्च आजही बिनछपराचं आहे आणि कोणालाही जाऊन बघता येतं.

कोंडिविट्याची थडगी उकरा असं मी सुचवत नाही. ज्यांचे पूर्वज तिथे आहेत त्यांच्या संमतीशिवाय तसा विचारही होऊ नये. मला म्हणायचंय ते एवढंच, की ‘साथ आली, गाव उठलं’ या एका वाक्यावर आपण एवढी वर्षं समाधान मानलं आहे. साथ साष्टीभर येत असे, मग हीच वस्ती का उठली? विहिरींचं पाणी बिघडलं होतं का? मरोळला आधीच नातेवाईक होते का? तिथे जमीन कुणी दिली? यांची उत्तरं मिळण्याचा मार्ग आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेनं १५६३ मध्येच प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीला, बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या ठेवायला लावल्या होत्या. पुढे मृत्यूच्या वह्याही आल्या. साष्टीतल्या पॅरिशांच्या ज्या जुन्या वह्या उरल्या असतील त्यांत, इंग्रजांच्या महसुली दप्तरात आणि पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांत मिळून या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांची शे-दोनशे वर्षांची हालचाल दडलेली आहे. मोडी वाचणारे आणि पोर्तुगीज वाचणारे एका टेबलावर बसले तर तो माग काढता येईल. चर्चमध्ये लाइट लावून भूत शोधणाऱ्यांना हे कोण सांगणार? ज्या घरांतली माणसं साथीत गेली, त्यांच्या दुःखावर असला थरार पिकवणं मला निर्दय वाटतं.

तिसरा आक्षेप प्रशासनाचा: विशेष आर्थिक क्षेत्रात सीमाशुल्काची बंधनं असतात, सोन्या-हिऱ्यांचा माल असतो, कुणालाही आत कसं सोडणार? अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यातलं टाइनम हे गाव डिसेंबर १९४३ मध्ये लष्करानं सरावासाठी रिकामं केलं. सव्वादोनशे माणसं गेली. जाताना, आम्ही परत येऊ, तोवर चर्च आणि घरं सांभाळा, अशी चिठ्ठी चर्चच्या दारावर लावून गेली. त्यांना परत येऊ दिलं नाही. पण तोफांच्या सरावाच्या त्या मैदानात ते गाव बहुतेक शनिवार-रविवारी लोकांसाठी खुलं असतं आणि चर्चमध्ये गावकऱ्यांच्या आयुष्याचं प्रदर्शन मांडलेलं आहे. खरा दारूगोळा उडतो तिथे जे जमतं, ते दागिन्यांच्या कारखान्यांशेजारी का जमू नये? कुंपणाची वेगळी वाट, ओळखपत्राची नोंद आणि महिन्यातले ठरलेले दोन रविवार. एवढ्यानं सीमाशुल्काला बाधा येत नाही. आता तर मेट्रोचं स्थानकही सीप्झच्या नावानं आहे.

पैशाचं म्हणाल तर बिनछपराची वास्तू सांभाळायला नवी बांधण्याइतका खर्च येत नाही. पण काम नेटानं आणि दरवर्षी करावं लागतं. पिंपळाचं रोप बोटाएवढं असताना उपटलं तर ते एका माणसाचं सकाळचं काम आहे. तेच पाच पावसाळे राहू दिलं की मूळ चुन्याच्या सांध्यात शिरून मनगटाएवढं होतं, दगड बाहेर ढकलतं, आणि मग ओढून काढलं तर भिंतच सोबत येते. तेव्हा ते छाटून, जागच्या जागी मारून, पोकळी भरावी लागते. भरायची ती चुना, वाळू आणि विटांची भुकटी यांनीच. गूळ, हिरडा, बेलफळ घालून चुना मळणारे गवंडी किल्ल्यांच्या डागडुजीमुळे महाराष्ट्रात आजही आहेत. भिंतींच्या उघड्या माथ्यावर चुन्याचा उतरता थर दिला तर पाणी आत मुरत नाही.

तेव्हा करायचं काय, तर धर्मप्रांत, राज्याचं पुरातत्त्व खातं आणि सीप्झचं प्रशासन यांनी मरोळच्या लोकांना बरोबर घेऊन एक लेखी करार करावा. मिस्सा वर्षातून एकदाच न होता समाज ठरवील त्या सणांना व्हावी, उघड्या आभाळाखाली, हलवता येईल अशा वेदीवर. भिंतींचं मोजमाप आणि छायाचित्रं करून ठेवावीत, म्हणजे दरवर्षी काय सरकलं ते कळेल. दारात मराठीत फलक लावावा आणि त्यावर १५७९ च्या पाद्र्यांइतकीच जागा १८४० च्या गावकऱ्यांना मिळावी: कुठून उठले, कुठे गेले, काय काय वाहून नेलं. मंडपेश्वरला काय झालं तेही त्याच फलकावर असू द्यावं. दोन्ही गोष्टी याच बेटाच्या आहेत. कराराला वर्षं लागली तरी एक काम थांबता कामा नये. भिंतींतल्या मुळांना पुढचा पावसाळा मिळू नये, म्हणून ती मे महिन्याच्या आत छाटली गेली पाहिजेत.